बाग वाचवायची तर आधी फाइल उघडा

१५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाले. त्याआधी मुंबई-पुण्यात मार्च २०२२ पासून, तर कोल्हापूर, नवी मुंबईसारख्या काही शहरांत २०२० पासून निवडून आलेले सभागृहच नव्हते. प्रशासक कारभार पाहत होते. बागेचे, मैदानाचे, आरक्षित जमिनीचे काय झाले हे विचारायचे कोणाला, या प्रश्नाने अनेक वाचकांना निवडणुकीच्या विचारापर्यंत आणलेले त्यांच्या पत्रांतून दिसते. त्यांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरे मुंबईबाहेरच्या महापालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाला धरून आहेत. मुंबईसाठी १८८८ चा वेगळा कायदा आहे आणि नगरपरिषदांसाठी १९६५ चा. नगररचना, वृक्षसंरक्षण आणि माहिती अधिकार यांचे कायदे मात्र तिन्हीकडे तेच.

प्रश्न : पुढची निवडणूक अपक्ष लढवायची आहे. मुद्दे दोनच : कारभाराचा हिशोब आणि प्रभागातल्या बागा. हातात साधारण पाच वर्षे आहेत. सुरुवात कुठून करावी?

सभा-मेळाव्यांपासून नको, जमिनीच्या यादीपासून करा. ‘बाग’ या एका शब्दाखाली चार वेगवेगळ्या प्रकारच्या जमिनी येतात आणि प्रत्येकीला धोका वेगळ्या वाटेने येतो. पहिली, महापालिकेच्या ताब्यात असलेली, विकसित झालेली बाग. दुसरी, विकास आराखड्यात उद्यानासाठी आरक्षित, पण अजून खासगी मालकीची जमीन. तिसरी, मोठ्या लेआउटमध्ये सोडावी लागणारी मोकळी जागा. डिसेंबर २०२० पासून लागू असलेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर ती १० टक्के असते. चौथी, विकसकाने महापालिकेकडे द्यायची सुविधा जागा, म्हणजे अ‍ॅमेनिटी स्पेस. पहिल्या प्रकारात बागेत बांधकाम शिरते, दुसऱ्यात आरक्षण व्यपगत होते, म्हणजे मुदत संपून रद्द होते, तिसऱ्यात सोसायटी किंवा विकसक कुंपण घालतो, चौथ्यात जागा ताब्यातच घेतली जात नाही.

वहीत प्रत्येक जागेसाठी एक पान ठेवा. सर्व्हे किंवा सिटी सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, आरक्षण क्रमांक, मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर नाव कोणाचे, ताबा कोणाचा, आराखडा अमलात आल्याची तारीख, आणि जागेवर आज प्रत्यक्ष काय आहे. आरक्षणाची नोंद नगररचना विभागाच्या भाग नकाशात आणि झोन दाखल्यात मिळते, मिळकत पत्रिका नगर भूमापन कार्यालयात. दोन्ही समोरासमोर ठेवले की पहिला घोळ तिथेच दिसतो : बाग वीस वर्षे वापरात आहे, पण मिळकत पत्रिकेवर अजून जुन्या मालकाचेच नाव. जागा ताब्यात घेताना मालकी हक्काची नोंद करायची राहिली की पुढे वारस येतात आणि भांडण कोर्टात जाते. हे काम निवडून न येताही करता येते. अर्ज करा, त्याची पोच जपून ठेवा, दर तीन महिन्यांनी पाठपुरावा करा.

आणखी एक गोष्ट. प्रभागाची हद्द दर निवडणुकीला बदलू शकते, म्हणून वही प्रभागाच्या नावाने न करता जागांच्या नावाने करा. आज तुमच्या प्रभागातली बाग पुढच्या रचनेत शेजारच्या प्रभागात गेलेली असू शकते.

प्रश्न : आमच्या भागातल्या आरक्षित जमिनीला मालकाने पत्रे ठोकले आहेत. ‘आरक्षण संपले’ असे तो सांगतो. आरक्षण असे आपोआप संपते का?

संपू शकते. शहरांतल्या बागांची सर्वांत मोठी गळती इथेच होते आणि ती कोणाला दिसत नाही, कारण त्या वेळी जागेवर काहीच हललेले नसते.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ (रोजच्या बोलण्यात एमआरटीपी) याच्या कलम १२७ मध्ये ही तरतूद आहे. अंतिम विकास आराखडा अमलात आल्यापासून १० वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर मालक नियोजन प्राधिकरणाला, म्हणजे इथे महापालिकेला, खरेदी सूचना (जमीन विकत घ्या अशी नोटीस) देऊ शकतो. सूचनेसोबत जमिनीतला त्याचा हक्क दाखवणारी कागदपत्रे जोडावी लागतात. सूचना मिळाल्यापासून २४ महिन्यांत जमीन घेतली नाही, किंवा घेण्यासाठी पावले उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होते आणि शेजारच्या जमिनीला जो वापर अनुज्ञेय आहे तो या जमिनीला मिळतो. ही मुदत पूर्वी कमी होती. २०१५ च्या दुरुस्तीने ती २४ महिने झाली. त्यामुळे जुन्या सूचनेवर बोलताना ती कोणत्या वर्षी दिली गेली हे आधी पाहा.

‘पावले उचलणे’ म्हणजे काय, यावर बरेच काही अवलंबून आहे. मुख्य सभेचा ठराव झाला, जिल्हाधिकाऱ्यांना पत्र गेले, म्हणजे पावले उचलली असे महापालिका समजून चालते. गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने सांगितले की नुसता पत्रव्यवहार पुरेसा नाही; संपादनाच्या दिशेने नेणारे खरे पाऊल हवे, म्हणजे कलम १२६ खालची संपादनाची घोषणा. ठरावाच्या बातमीवर समाधान मानून बसलात, तर मुदत तुमच्या डोळ्यांदेखत निघून जाईल.

घोळ होतो तो असा. खरेदी सूचना आवक-जावक विभागात येते, शिक्का बसतो, तिथून नगररचनाकडे, मग भूसंपादन विभागाकडे, मग मोबदल्याच्या तरतुदीसाठी लेखा विभागाकडे जाते. अंदाजपत्रकात पैसे नाहीत असा शेरा पडून फाइल परत येते. मधल्या काळात अधिकारी बदलतो. चोवीस महिन्यांतले अठरा असेच जातात आणि उरलेल्या सहांत कायद्याची प्रक्रिया पूर्ण होत नाही. म्हणून सूचना आल्याच्या पहिल्या महिन्यात ती जाहीर होणे, हीच उमेदवाराची पहिली मागणी असायला हवी : शहरात कलम १२७ खाली आलेल्या सर्व सूचनांची यादी, आरक्षण क्रमांक आणि चोवीस महिने पूर्ण होण्याची तारीख यांसह, महापालिकेच्या संकेतस्थळावर. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ नुसार अशी माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता प्रसिद्ध करणे अपेक्षितच आहे.

तुमच्या जागेसाठी माहिती अधिकाराचा अर्ज असा लिहा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, हे लक्षात ठेवून :

‘विषय : स. नं. …, आरक्षण क्र. … (उद्यान). १) या जमिनीबाबत एमआरटीपी अधिनियम, १९६६ च्या कलम १२७ अन्वये प्राप्त खरेदी सूचना व सोबतची कागदपत्रे यांच्या प्रती, आवक क्रमांक व दिनांकासह. २) सूचनेला दिलेल्या उत्तराची प्रत. ३) भूसंपादनासाठी पाठवलेला प्रस्ताव व कलम १२६ खालील घोषणा यांच्या प्रती. ४) मोबदल्यापोटी जमा केलेली रक्कम व दिनांक दर्शवणारा कागद. ५) टिपणीसह संपूर्ण नस्तीचे अवलोकन.’

‘कार्यवाही का केली नाही?’ असे विचारू नका. ‘का’ला उत्तर देणे माहिती अधिकारात बसत नाही असे लिहून अर्ज निकाली काढला जातो. कागद मागा, कारण त्यातच सापडते. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील. अवलोकनाचा, म्हणजे नस्ती (फाइल) स्वतः पाहण्याचा, मुद्दा कधीही गाळू नका, कारण खरा इतिहास टिपणीच्या पानांवर असतो : कोणी, कोणत्या तारखेला, काय शेरा मारला.

कागद हाती आले की तीन गोष्टी तपासा. दहा वर्षे पूर्ण होण्याआधीच सूचना दिली होती का? सूचना देणाऱ्याचे नाव मालकी हक्काच्या कागदांवर आहे का? आणि आरक्षणाच्या पूर्ण क्षेत्राची सूचना आहे की एका तुकड्याची? यांपैकी काही निघाले तर ते महापालिकेच्या विधी विभागाला लेखी कळवा. कोर्टात सूचनेवर हाच आक्षेप घ्यायचा असतो आणि तो घेतलाच गेला नाही असेही होते.

मालक म्हणजे शत्रू नव्हे, हेही इथेच सांगितले पाहिजे. तीस-तीस वर्षे आरक्षण टाकून ठेवायचे आणि मोबदला द्यायचा नाही, हा त्याच्यावर अन्याय आहे. रोख रकमेऐवजी टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा वाढीव एफएसआय (भूखंडावर जास्त बांधकामाची मुभा) देऊन जमीन ताब्यात घेण्याची वाट कलम १२६ मध्येच आहे, त्यासाठी मालकाची संमती मात्र लागते. उमेदवार म्हणून तुम्ही मालकाशी बोललात तर काही बिघडत नाही. फक्त भेटीत काय ठरले ते लिहून जाहीर करा.

प्रश्न : बागेतल्या मोकळ्या जागेत समाजमंदिर बांधण्याचा घाट घातला आहे. विरोध केला तर वस्तीतलेच लोक नाराज होतील. कायदा काय सांगतो?

उद्यानाच्या आरक्षणावर वेगळा वापर आणायचा तर एमआरटीपीच्या कलम ३७ खाली फेरबदलाची प्रक्रिया करावी लागते : जाहीर सूचना, हरकतींसाठी एक महिना, सुनावणी, मग राज्य शासनाची मंजुरी. ही सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते आणि बहुतेक वेळा कोणाच्या नजरेस पडत नाही. प्रभागातल्या दोघा-तिघांनी आठवड्यातून एकदा जाहीर सूचनांचे पान वाचण्याचे काम वाटून घ्या. हरकत लेखी द्या, सुनावणीची मागणी त्यातच करा, पोच घ्या. सह्यांच्या एका लांबलचक निवेदनापेक्षा स्वतंत्र कारणे दिलेल्या वीस वेगळ्या हरकती जास्त उपयोगी, कारण प्रत्येक हरकत नोंदवावी लागते.

न्यायालयांची भूमिका या बाबतीत बरीच ठाम आहे. बंगळूरूतल्या उद्यानाच्या जागेवर खासगी रुग्णालय उभारण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली रद्द ठरवला. लखनौच्या अमीनाबादमधल्या पार्कखाली बांधलेला बाजार १९९९ साली पाडायला लावून पार्क पूर्ववत करण्याचा आदेश दिला, तोही बांधकाम बरेच पुढे गेलेले असताना.

आता वस्तीच्या नाराजीबद्दल. लग्न-बारशाला परवडणारी जागा नसते, ही गरज खरी आहे. नुसता ‘नाही’ म्हणणारा उमेदवार तिथे टिकत नाही, आणि टिकूही नये. तुमच्या वहीतला चौथा प्रकार इथे कामाला येतो. त्याच परिसरात सुविधा जागा किंवा सभागृहासाठीचे आरक्षण पडून आहे का ते शोधा आणि सर्व्हे नंबरासह तो पर्याय लोकांपुढे ठेवा. बागेतले प्रत्येक बांधकाम वाईट असेही नाही. स्वच्छतागृह, रखवालदाराची चौकी, माळ्याची अवजारे ठेवायची खोली आणि बागेपुरती पाण्याची टाकी यांच्याशिवाय बाग चालत नाही. महिला आणि ज्येष्ठ नागरिक स्वच्छतागृह नसलेल्या बागेत तासभरही थांबत नाहीत. सभागृह, गाळे, कार्यालय यांचा मात्र बागेच्या वापराशी काही संबंध नसतो.

प्रश्न : महापालिकेच्या अंदाजपत्रकात उद्यान विभागाला दरवर्षी भरपूर पैसे दाखवतात. बागा मात्र वाळलेल्या. पैसे जातात कुठे, हे सामान्य माणसाला कळू शकते का?

कळू शकते, आणि त्यासाठी अकाउंटंट असण्याची गरज नाही. अंदाजपत्रकात प्रत्येक लेखाशीर्षापुढे मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ आणि सुधारित अंदाज, आणि पुढच्या वर्षाची तरतूद असे स्तंभ असतात. लोक शेवटचा स्तंभ वाचतात, बातम्याही त्याच्याच येतात. तुम्ही तीन वर्षांची अंदाजपत्रके घेऊन फक्त मूळ अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी लिहा. जिथे मूळ तरतूद मोठी आणि खर्च किरकोळ, तिथे बोट ठेवा.

पैसे बहुतेक वेळा वर्गीकरणात गेलेले असतात. एका लेखाशीर्षातली रक्कम वर्षाच्या मध्यात किंवा शेवटी दुसरीकडे वळवायची, याला वर्गीकरण म्हणतात. जानेवारी ते मार्चच्या स्थायी समितीच्या कार्यपत्रिका काढून पाहा. उद्यानासाठी जागा ताब्यात घेण्याची तरतूद रस्त्याच्या काँक्रीटीकरणाकडे किंवा पेव्हर ब्लॉककडे गेलेली आढळेल. वर्गीकरण बेकायदा नसते. पण त्या प्रस्तावावर कोणाची सही होती आणि कोणत्या नगरसेवकाने विरोध नोंदवला, हे इतिवृत्तात असते. प्रचारपत्रकावर छापण्यासारखी माहिती तीच.

दुसरी तपासणी भांडवली आणि महसुली खर्चाच्या प्रमाणाची. कारंजे, कमान, शिल्प, संरक्षक भिंत हे भांडवली. माळी, पाणी, खत, सुरक्षारक्षक हे महसुली. उद्घाटन भांडवली कामाचे होते, बाग जगते महसुली खर्चावर. उन्हाळ्यात हिरवळीला दर चौरस मीटरला रोज साधारण ४ ते ५ लिटर पाणी लागते. अर्ध्या एकरात, म्हणजे सुमारे २,००० चौरस मीटरवर हिरवळ केली, तर रोज ८ ते १० हजार लिटर झाले, जवळपास एक मोठा टँकर. एप्रिल-मेचे साठ दिवस धरले तर साठ टँकर. नव्या बागेच्या पूर्वगणनपत्रकात (कामाच्या खर्चाच्या अंदाजात) हे पाणी कुठून येणार हे लिहिलेले नसेल, तर ती बाग दुसऱ्या उन्हाळ्यात वाळणार हे आजच सांगता येते. सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे शुद्ध केलेले पाणी, हिरवळ कमी करून स्थानिक झाडे जास्त, आणि झाडांना पहिली दोन-तीन वर्षे नियमित पाणी, असा आराखडा मागा. त्याचा वार्षिक खर्च निम्म्यावर आला नाही तरी टँकरवरचा भार निश्चित हलका होतो.

तिसरी जागा म्हणजे विनानिविदा कामे. महापालिका अधिनियमाच्या कलम ६७(३)(क) खाली आयुक्तांना तातडीची कामे निविदेशिवाय करून घेता येतात आणि नंतर स्थायी समितीला कळवले जाते. पूर आला, भिंत कोसळली, तर ही तरतूद हवीच. पण बागेची रंगरंगोटी या कलमाखाली झाली असेल, तर तातडी कशाची होती हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक करदात्याला आहे. वर्षभरात या कलमाखाली झालेल्या कामांची यादी माहिती अधिकारात मागा.

देखभालीच्या ठेक्यासाठी कार्यादेश, कामाचे वेळापत्रक, मापन पुस्तिकेच्या नोंदी आणि अदा केलेली बिले, एवढे चार कागद पुरतात. कार्यादेशात सहा माळी असतील आणि बागेत दोनच दिसत असतील, तर सलग दोन आठवडे ठरलेल्या वेळी तारीख-वेळ आणि स्थान नोंदवणारे फोटो काढा आणि त्या महिन्याच्या हजेरीपटाशी जुळवा. फोटो माळ्याचे नकोत, जागेचे घ्या. कमी पगारात राबणाऱ्या माणसाला यात ओढू नका, त्याचा किमान वेतनाचा हिशोबही त्याच बिलात अडकलेला असतो. ही तफावत आयुक्तांसोबत मुख्य लेखापरीक्षकांनाही कळवा. लेखाआक्षेप निघाला की वसुलीचा विषय नोंदीवर येतो आणि तो सहजासहजी पुसता येत नाही.

माहिती अधिकाराच्या रांगेत थांबायचे नसेल तर आणखी एक सोय आहे. २०१८ मधल्या शासनाच्या सूचनेनुसार स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. फाइलचा विषय आणि वर्ष लिहून न्या.

प्रश्न : नगरसेवक झाल्यावर उद्यान विभागाला थेट आदेश देता येतील ना?

नाही. कार्यकारी अधिकार आयुक्तांचे आणि आयुक्त राज्य शासनाचे. ‘निवडून आल्यावर मी अमुक करून दाखवीन’ असे छापण्याआधी हे समजून घ्या, नाहीतर पहिल्याच वर्षी मतदारांना तोंड दाखवणे कठीण होईल.

नगरसेवकाच्या हातात असते ते असे : मुख्य सभेत लेखी प्रश्न, प्रस्ताव आणि उपसूचना, प्रभाग समितीत कामांवर देखरेख, आणि संधी मिळाली तर स्थायी समिती किंवा वृक्ष प्राधिकरणाचे सदस्यत्व. स्थायी समितीत १६ सदस्य असतात आणि दरवर्षी निम्मे निवृत्त होतात. अपक्षाला तिथे जागा मिळणे अवघड, कारण जागा पक्षीय बलानुसार वाटल्या जातात. एखाद्या आघाडीत नोंद केली तर शक्यता वाढते, पण मग त्या आघाडीचा आदेश पाळावा लागतो. ही निवड मतदारांना आधी सांगून करा.

लेखी प्रश्नाची ताकद कमी समजू नका. सभागृहात विचारलेल्या प्रश्नाचे लेखी उत्तर कार्यपत्रिकेचा भाग होते आणि पुढे कोर्टातही दाखवता येते. ‘ऐनवेळचे विषय’ म्हणून आयत्या वेळी आणलेल्या प्रस्तावांवर नेहमी विरोध नोंदवा, मग प्रस्ताव चांगला का असेना. जमिनी भाडेकराराने देण्याचे ठराव याच दाराने येतात. आणि क्षेत्रसभा घ्या. २००९ च्या दुरुस्तीने कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद आली आहे, बहुतेक शहरांत ती कागदावरच राहिली. जाहीरनाम्यात तारखांसह क्षेत्रसभा लिहिणे हे पाळता येण्यासारखे वचन आहे, कारण त्यासाठी आयुक्तांची मेहेरबानी लागत नाही.

प्रश्न : उमेदवारी अर्ज कोणत्या कारणांनी बाद होतो? खर्च किती करता येतो?

वय २१ पूर्ण हवे आणि शहराच्या मतदार यादीत नाव हवे. ज्या प्रभागातून लढायचे तिथेच नाव असण्याची गरज नाही. सूचक-अनुमोदक मात्र त्या प्रभागाचेच मतदार लागतात. त्यांची संख्या त्या निवडणुकीच्या आयोगाच्या सूचनेत पाहा आणि दोन-तीन माणसे राखीव ठेवा. अनामत खुल्या गटासाठी ५,००० आणि राखीव गट व महिलांसाठी २,५०० रुपये.

अडकतात ते साध्या गोष्टींत. मालमत्ताकराची किंवा पाणीपट्टीची थकबाकी. दाखला शेवटच्या दिवशी मागायला गेले आणि रांग लागली. शपथपत्रातला रकाना रिकामा सोडला. तिथे ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असे लिहायला हवे. राखीव जागेसाठी जात पडताळणीचे कागद वेळेत नाहीत. कटऑफ तारखेनंतरचे तिसरे अपत्य. घरात अनधिकृत बांधकाम. आणि तुमच्यासारख्यांसाठी खास धोका : महापालिकेच्या ठेक्यात हितसंबंध असणे ही अपात्रता आहे. तुमची संस्था पैसे घेऊन एखाद्या बागेची देखभाल करत असेल, तर निवडणुकीच्या बरेच आधी वकिलाचा सल्ला घेऊन त्यातून बाहेर पडा.

मतदार यादी विधानसभेचीच वापरतात आणि ती प्रभागनिहाय फोडतात. जानेवारीच्या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. प्रारूप यादी आली की नवीन नाव घालता येत नाही, फक्त चुकीच्या प्रभागात गेलेली नावे दुरुस्त होतात. नोंदणीची मोहीम वर्षभर आधी करा आणि प्रारूप यादी इमारतवार तपासा. रस्त्याच्या एका बाजूची अख्खी यादी पलीकडच्या प्रभागात गेलेली असते.

जानेवारी २०२६ साठी खर्चमर्यादा मुंबई, पुणे, नागपूरमध्ये १५ लाख होती आणि ‘ड’ या सर्वांत खालच्या वर्गातल्या महापालिकांत ९ लाख. मर्यादेइतका खर्च करायलाच हवा असे नाही. स्वतंत्र बँक खाते उघडा, खर्च रोज लिहा, आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशोब द्या, हरलात तरी. न दिल्यास तीन वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते. कारभाराचा हिशोब मागणाऱ्याने स्वतःचा प्रचारखर्च दर आठवड्याला जाहीर केला, तर त्याच्या मागणीला वजन येते.

प्रश्न : आमच्याकडे चार सदस्यांचा प्रभाग आहे. एकट्या अपक्षाचा निभाव लागेल का?

कठीण आहे. मतदाराला अ, ब, क, ड अशा चारही जागांसाठी मत द्यावे लागते आणि तो बहुधा एकच चिन्ह चार वेळा दाबतो. प्रभाग मोठा, मतदार हजारोंनी. त्यात आरक्षणाची सोडत : निम्म्या जागा महिलांच्या, शिवाय इतर आरक्षणे. तुम्ही ज्या जागेवर डोळा ठेवला ती सोडतीत तुमच्यासाठी उरेलच असे नाही. म्हणून सुरुवातीपासून चार-सहा जणांचा गट बांधा, त्यात निम्म्या स्त्रिया असू द्या, आणि त्या नावापुरत्या नकोत. रोज सकाळी बागेत येणाऱ्या, लहान मुलांना घेऊन येणाऱ्या स्त्रियांना बागेतला बंद दिवा, तुटलेली घसरगुंडी आणि संध्याकाळी कोण टवाळ बसतात, हे आधी माहीत असते. चौघांना वेगवेगळी मुक्त चिन्हे मिळतील, तेव्हा पत्रकावर अ-ब-क-ड क्रमाने नाव आणि चिन्ह मोठे छापा. मुद्रक-प्रकाशकाचे नाव आणि प्रतींची संख्या पत्रकावर विसरू नका.

पत्रकाचा मजकूर एका पानाचा ठेवा. प्रभागातल्या जागांचा तक्ता, प्रत्येकीपुढे क्षेत्रफळ, आजची स्थिती, अडकलेली फाइल आणि पुढची मुदत. ‘हरित प्रभाग’सारखी घोषणा सगळेच देतात, आरक्षण क्रमांक आणि मुदतीची तारीख दुसऱ्या कोणाच्या पत्रकावर नसते.

प्रश्न : बागेतल्या जुन्या झाडांवर तोडीची नोटीस लागली आहे. काय करावे?

आजच नोटिशीचा तारीख दिसेल असा फोटो काढा, कारण हरकतीला सातच दिवस मिळतात. १९७५ च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यानुसार हरकत वृक्ष प्राधिकरणाकडे लेखी द्यायची. त्यात झाडाची जात, छातीच्या उंचीवर मोजलेला बुंध्याचा घेर, अंदाजे वय आणि पर्याय लिहा : फांद्यांची छाटणी पुरेल का, रस्त्याची किंवा भिंतीची आखणी दोन मीटर सरकेल का. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे किंवा अधिक वयाचे झाड वारसा वृक्ष ठरते, म्हणून वयाचा मुद्दा आधी मांडा. जुने फोटो, परिसरातल्या ज्येष्ठांचे लेखी निवेदन, मागच्या वृक्षगणनेतली नोंद जोडा. झाड ‘धोकादायक’ म्हणून तोडायचे असेल, तर ते कोणी आणि कशावरून ठरवले याच्या पाहणी अहवालाची प्रत मागा. बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक घट्ट बसवल्याने मुळांना पाणी-हवा मिळत नाही आणि चांगले झाड काही वर्षांत कमकुवत होते. तसे असेल तर चारही बाजूंनी किमान एक मीटर जागा मोकळी करण्याची मागणी त्याच अर्जात करा. हरकतीची पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.